आमची काही हरकत नाही हो, पण...

तुमच्याकडे एखादा रिकामा टू बीएचके आहे का? भाड्याने द्यायचाय? मग बसा जरा. गेल्या दीड महिन्यात या विषयातला माझा अभ्यास इतका वाढलाय की मी क्लास काढू शकतो. फी नको. फक्त आडनाव सांगा.

चुकलोच. आडनाव असं तोंडावर विचारायचं नसतं, हाच तर पहिला धडा. आपण सुसंस्कृत माणसं. आपण ‘मूळचे कुठले?’ असं विचारायचं. समोरचा ‘सोलापूर’ म्हणाला की ‘वा, सोलापुरात कुठे?’ पेठ सांगितली की गल्ली विचारायची. तरी पत्ता लागला नाही तर मायेने कुलदैवत विचारावं. भाविक माणसाला कोण नावं ठेवणार? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातींवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. त्याने घाबरून जाऊ नका. आता समतानगर, क्रांतीनगर अशा पाट्या लागतात आणि ‘समतानगर’ म्हटलं की आपल्याला काय ते कळतंच.

दुसरा धडा. ‘आम्ही जात मानत नाही’ हे वाक्य नेहमी सुरुवातीला घ्यावं, म्हणजे पुढे काहीही बोलायला मोकळे.

तिसरा. मुलगी मिझोरामची, ऐझॉलची असेल तर आधार कार्ड दोनदा मागावं आणि ‘इंडियात कधी आलात?’ असं प्रेमाने विचारावं. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या एसएमएसनी घाबरून ईशान्येची हजारो पोरं पुण्या-बंगळुरातून मिळेल त्या गाडीने गावी पळाली होती. तेव्हा आपण ‘अरेरे’ म्हटलं होतं. ते आपलं म्हणून झालेलं आहे, परत म्हणायची गरज नाही.

चौथा धडा जरा लांबेल, कारण त्याची फी मी स्वतः भरली आहे.

आई गेल्यावर तिचा कोथरूडचा फ्लॅट वर्षभर बंद होता. नळ गंजायला लागले म्हणून म्हटलं, देऊन टाकू भाड्याने. एके दिवशी ब्रोकरचा फोन. “साहेब, पार्टी चांगली आहे, पण फॉरेनची आहे.”

म्हटलं, “मग उत्तमच की.”

“तशी फॉरेन नाही साहेब. दुसरी फॉरेन.”

दुसरी फॉरेन म्हणजे टांझानिया. मुलगा दार-ए-सलामचा, इथे कॉम्प्युटरमध्ये एमएससी करणारा, पुण्यातलं तिसरं वर्ष. खोटं कशाला बोलू, मीही ब्रोकरला दबक्या आवाजात विचारलंच, “धंदे-बिंदे काही नाहीत ना?” नगरच्या पोराबद्दल मी हा प्रश्न विचारला नसता. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मुलगा आला. चपला दाराबाहेर काढल्या, भिंतीला नीट समांतर लावल्या. मी इंग्रजीची वाक्यं जुळवत उभा. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, सिंकचा नळ सोडला, खाकरून कोरडाच राहिलेल्या नळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, पाणी किती वाजता येतं?”

मराठीत. आईच्या ओट्यापाशी उभं राहून.

मी म्हटलं, सहा ते आठ. व्यवहार तिथेच ठरला.

आता मालक कोण, तर मी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला कमिटीची परवानगी लागत नाही. फक्त आगाऊ कळवायचं, लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करायचा, पोलिसांना माहिती द्यायची. भाडेकरू परदेशी असेल तर राहायला आल्यापासून २४ तासांत त्याचा वेगळा सरकारी फॉर्म भरायचा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटीला द्यायचे. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी गाढवासारखा सज्जनपणे ‘कळवायला’ गेलो.

लगेच रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपातला चहा. लिफ्ट आठ महिने बंद होती तेव्हा सहा माणसं जमली होती. या वेळी एकोणीस.

“नायजेरियन आहे म्हणे.”

“टांझानियाचा आहे.”

“तेच ते.”

आफ्रिकेत ५४ देश आहेत. पण आपल्याला सदाशिव आणि नारायण पेठेतला फरक कळतो, तेवढं पुष्कळ झालं. मग सुरू झालं. लहान मुलं घाबरतील. लिफ्टमध्ये वास येतो म्हणे. (लिफ्टमध्ये वास येतो हे खरं आहे. तिसऱ्या मजल्यावरचे काका कुत्र्याला घेऊन जातात तेव्हा.) रात्री-अपरात्री मित्र येतील. उद्या पोलीस आले तर? रिसेलला भाव पडेल. आणि प्रत्येकाच्या बोलण्याचं धृपद एकच, ‘माझी वैयक्तिक काहीच हरकत नाही हो, पण बाकीचे काय म्हणतील?’ मी मोजलं. एकोणीस जण हजर होते आणि एकोणिसांचीही वैयक्तिक हरकत नव्हती. हरकत ‘बाकीच्यां’ची होती. हे बाकीचे कुठे राहतात ते मला अजून सापडलेलं नाही, पण मेंटेनन्स मात्र ते वेळेवर भरत असावेत, इतकं त्यांचं वजन.

आमच्याकडे एक दुर्गप्रेमी आहेत. दर हिवाळ्यात जंजिऱ्याला जातात आणि आल्यावर तासभर सिद्द्यांवर बोलतात. मलिक अंबर त्यांना तोंडपाठ. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हबशी, निजामशाहीचा वजीर झाला, गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणलं, १६१० मध्ये खडकी वसवली, नहर खोदून शहराला पाणी आणलं. तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. मी त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. ते म्हणाले, “इतिहास वेगळा आणि प्रॅक्टिकल वेगळं.” म्हणजे मलिक अंबर परत आला, तर त्यानेच वसवलेल्या शहरात त्याला वन आरके मिळायची मारामार. आणि पाणी किती वाजता येतं हे विचारायची तर सोयच नाही.

आणि सेक्रेटरी! त्यांचा मुलगा डॅलसला असतो. मागच्या दिवाळीत याच पार्किंगमध्ये, याच खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं होतं की मॉलबाहेर कुणीतरी गाडीची काच खाली करून त्याला ‘आपल्या देशात परत जा’ म्हणून ओरडलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. “कातडीच्या रंगावरून माणसाला असं वागवतात?” आम्ही सगळ्यांनी त्यांचं सांत्वन केलं, वहिनींनी चकली पुढे केली. त्या दिवशी ते खरंच दुखावले होते, हे मी आजही म्हणेन. दुखावलेला माणूस दुसऱ्याचं दुखणं ओळखतो असं मला वाटायचं. छप्पन्न वर्षांचा झालो तरी वाटायचं.

त्या रविवारी सेक्रेटरींनी चष्मा पुसला, म्हणाले, “हे लोक कसे असतात ते आपल्याला माहितीये.” हे लोक!

पाचवा धडा. आपली पोरं परदेशी पाठवताना सामानात जात नीट पॅक करून द्यावी, चितळ्यांच्या बाकरवडीशेजारी. कस्टमवाले अडवत नाहीत. सिअॅटलला मात्र जपून. २१ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तो ठराव मांडणारी नगरसेविका, क्षमा सावंत, जन्माने पुण्याची. म्हणजे रोगही आपला आणि वैद्यही आपलाच निर्यात केलेला.

सहावा. अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा निषेध म्हणून काळा चौकोन लावावा. २ जून २०२० ला आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पोरांनी इन्स्टाग्रामवर लावला होता. त्याच पावसाळ्यात गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. विवाहमंडळाच्या फॉर्मवरचा ‘वर्ण’ हा रकाना मात्र जागचा हललेला नाही. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ आणि फार झालं तर सावळा असतो. काळा माणूस महाराष्ट्रात लग्नाला उभाच राहत नाही, असं दिसतं.

सातवा धडा राजकारण्यांचा. मी आमच्या माजी नगरसेवकांकडे गेलो. पक्ष विचारू नका, कुठल्याही पक्षाचं नाव घातलंत तरी गोष्ट तीच राहील. त्यांनी शांतपणे ऐकलं, एकच प्रश्न विचारला. “मतदार आहे का तो?” नाही म्हटल्यावर चहा सांगितला. तिकीट वाटताना ‘वॉर्डात आपले किती?’ आणि न्याय मागायला गेलं तर ‘मतदार आहे का?’ पण त्यांना तरी काय बोलायचं? आपण हात जोडून ‘आपल्यातला’ निवडतो आणि मग पाच वर्षं म्हणतो, राजकारणाने समाज नासवला. दुधात पाणी घालणारे आपण, आणि पातेल्याला दोष.

आठव्या धड्याचं काही जमत नाहीये. राहू दे तो.

मुलाला मी सांगितलं, कायदा माझ्या बाजूने आहे, तू ये राहायला. तो म्हणाला, “काका, नको. रोज वॉचमन अडवणार, रोज कोणीतरी बघणार. माझी परीक्षा आहे.” मग मलाच समजावलं, “तुम्ही टेन्शन नका घेऊ.” डिपॉझिटचे पैसे मी परत पाठवले तर ‘मिळाले काका, थँक यू’ असा मेसेज. एकवीस-बावीस वर्षांचं पोर, घरापासून समुद्रापल्याड, आणि धीर मला देतंय.

१९१७ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. राहायला जागा कुणी देईना म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या वसतिगृहात राहिला. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे. तो बाहेर पडला, बागेत जाऊन बसला आणि रडला. डॉ. आंबेडकर. आमच्या पार्किंगमध्ये १४ एप्रिलला त्यांच्या फोटोला हार घालतात, ११ एप्रिलला जोतिबांच्या. १८६८ मध्ये याच पुण्यात जोतिरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, असं गेल्या वर्षी भाषणही झालं. भाषण सेक्रेटरींचंच. टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या, मीसुद्धा.

लाज वाटत नाही का हो? काठ्या नाहीत म्हणून आपण त्या बारा जणांपेक्षा बरे? ते निदान दारात येऊन तोंडावर बोलले. आपण एकोणीस जण चहा पीत बसलो, ‘बाकीच्यां’च्या आड लपलो आणि एका पोराला त्याच्याच तोंडून नको म्हणायला लावलं. आणि वर मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहिलं, ‘सदर विषय सामोपचाराने मिटला.’

सामोपचार? कुणाशी केला? त्याला बोलावलं होतं मीटिंगला?

फ्लॅट अजून रिकामा आहे. परवा मी कमिटीला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकलंय. पुढच्या भाडेकरूलाही हरकत असेल तर लेखी द्या, कारण लिहा. ‘काळा आहे’ असं लिहा, ‘अमुक जातीचा आहे’ असं लिहा, खाली नाव घाला आणि सोसायटीचा शिक्का मारा. पोच आली. उत्तर आलेलं नाही. काल जिन्यात सेक्रेटरी भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अहो, हे असं कागदावर कशाला आणता?”