कार्डांचं दुकान टाकताय? टाकाच!

सगळ्यात आधी अभिनंदन. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत कोड लिहिला, ग्रीन कार्ड एकदाचं हातात पडलं, पोरगं लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतंय, आणि त्याला दर शनिवारी खेळाडूंचे फोटो छापलेल्या, लोक जमवतात त्या कार्डांच्या दुकानात नेऊन नेऊन तुम्हाला आता वाटायला लागलंय की हा काउंटरमागचा माणूस काय सुखात जगतोय राव, दिवसभर खेळाडूंचे फोटो बघायचे, गप्पा हाणायच्या आणि वर लोक पैसे देऊन जातात. अगदी बरोबर ओळखलंत. पैशांचा भाग तेवढा सोडून द्या, बाकी तंतोतंत तसंच आहे.

जागेचं टेन्शन घेऊ नका. स्ट्रिप मॉलमध्ये नेल सलून आणि व्हेपच्या दुकानाच्या मधला गाळा रिकामा असतोच, तो तुमच्यासाठीच थांबलाय. भाडं, इन्शुरन्स, काचेच्या शोकेस, कॅमेरे, अलार्म हे सगळं झालं की उरलेल्या पैशात माल भरायचा. उरले तर.

आता माल. इथे खरी मजा. तुम्ही डिस्ट्रिब्युटरला फोन लावणार, म्हणणार टॉप्स कंपनीच्या चकचकीत क्रोम कार्डांचे नवीन हॉबी बॉक्स, म्हणजे कार्डांच्या दुकानांसाठीचे सीलबंद बॉक्स, पाहिजेत. तो विचारणार तुमची हिस्ट्री काय, म्हणजे याआधी आमच्याकडून किती माल उचललात. तुम्ही म्हणणार अहो दुकानच परवा उघडलंय. मग तो अतिशय प्रेमाने सांगणार की हिस्ट्री नाही तर अलोकेशन, म्हणजे मालाचा कोटा, नाही, पण हिस्ट्री बनवायची असेल तर आपल्याकडे मागच्या सीझनचा कोणीच न उचललेला माल पडलाय, तो घ्या की. दिवाळीत काजूकतली मागितली की मिठाईवाला सोबत सोनपापडी गळ्यात मारतो ना, सेम. फरक इतकाच की सोनपापडी निदान पुढच्या घरी सरकवता येते. तुम्ही तो माल घ्यायचाच, आणि हसत घ्यायचा. वर्षभर असं घेत राहिलात की मग हवा असलेला बॉक्स मिळायला लागतो, मोजून दोन-चार, आणि तुम्हाला तो ज्या भावात पडतो त्याच्या आसपासच्याच भावात ऑनलाइन कोणीतरी गिऱ्हाइकाला विकत असतं. तेव्हा मार्जिन वगैरे जुनाट कल्पना डोक्यातून काढून टाका.

कंपनीकडे तक्रार करायची असेल तर तीही सोय आता फार सोपी झालीये. पूर्वी बेसबॉलची कार्डं छापायला टॉप्स, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलची पनिनी, कोणाकोणावर चिडायचं कळायचं नाही. २०२१ मध्ये टीमच्या जर्सी-टोप्या विकणाऱ्या फॅनॅटिक्सने मेजर लीग बेसबॉलच्या कार्डांचे पुढचे हक्क टॉप्सच्या नाकाखालून उचलले, आणि २०२२ च्या जानेवारीत टॉप्सच विकत घेऊन टाकली, साधारण ५० कोटी डॉलरला. मग २०२५-२६ च्या सीझनपासून बास्केटबॉलची एनबीए त्यांच्याकडे, त्यामागून अमेरिकन फुटबॉलची एनएफएल. पनिनीने २०२३ मध्ये मक्तेदारीचा दावा ठोकला, फॅनॅटिक्सने उलटा दावा ठोकला, वकिलांची चांदी. आता माल बनवणारे तेच, स्वतःच्या वेबसाइटवर थेट गिऱ्हाइकाला विकणारे तेच, लाइव्ह विक्रीचं ॲपही त्यांचंच. म्हणजे तुमचा सप्लायर आणि तुमचा कॉम्पिटिटर एकाच पत्त्यावर, एका ईमेलमध्ये दोघांना शिव्या देता येतात.

दुकान उघडलं की गिऱ्हाईक येणार, त्याची काळजी नको. गिऱ्हाईक ओळखायची एकच खूण, त्याच्या हातात फोन असतो आणि फोनवर ईबे असतं. तुमच्याकडचं कार्ड त्याला घ्यायचं असेल तर तो मागच्या तीन महिन्यांत सगळ्यात स्वस्त विकलं गेलेलं शोधून काढेल, बहुतेक रात्री तीन वाजता संपलेला लिलाव, फोटोही धुरकट, आणि म्हणेल ब्रो, कॉम्प तर हा आहे, म्हणजे तेच कार्ड आधी विकलं गेलं तो भाव. त्याच माणसाला तेच कार्ड तुम्हाला विकायचं असेल तर तो विकलेल्यांकडे ढुंकूनही बघणार नाही, जो कोणी आशावादी माणूस तेच कार्ड तिप्पट किमतीला दोन वर्षं लावून बसलाय त्याची लिस्टिंग दाखवेल. तुम्ही कॉम्पच्या साठ-सत्तर टक्के देतो म्हणालात की झालं, तुम्ही चोर. ईबेने फी कापली की ती सिस्टिम असते, तुम्ही भाड्यापुरते कापले की लूट. वाद घालू नका, मान हलवा. तो बाहेर जाऊन गाडीत बसून रिव्ह्यू लिहिणार आहे, एक स्टार, आणि त्यात पार्किंगबद्दलही लिहील.

दुसरा प्रकार म्हणजे पोतं घेऊन येणारे आजोबा. खरं तर पोतं नसतं, तीन हजार कार्डांचे लांबलचक पुठ्ठ्याचे डबे असतात, एक नाही, आठ. आत सगळी १९८८ ते १९९२ ची कार्डं, लाल बॉर्डरची १९९० ची डॉनरस, पिवळीधमक १९९१ ची फ्लीर. त्यांनी टीव्हीवर बघितलेलं असतं की बेसबॉलवीर मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, आणि त्या हिशोबाने आपल्या गॅरेजमध्ये नातवंडांचं कॉलेज पडलंय. आता त्यांना कसं सांगणार की त्या काळात अमेरिकेतल्या प्रत्येक घराने हाच हिशोब केला होता, म्हणून प्रत्येक गॅरेजमध्ये हेच डबे आहेत, कंपन्यांनी छापताना हात आखडला नाही आणि लोकांनी एकही कार्ड फेकलं नाही. त्यात १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनलच, रद्द झाली, लोक बेसबॉलवरच रुसले. यावर उपाय टॉप्सच्या साय बर्जरने केव्हाच करून ठेवलाय. १९५२ चा न खपलेला माल त्याने १९६० मध्ये बार्जवर लादून न्यू जर्सीपुढच्या समुद्रात बुडवला, मँटलसकट, असं तो स्वतःच सांगायचा. तेव्हा तुम्ही न्यू जर्सीतल्याच एडिसनला राहात असाल तर तुमच्या सोनपापडी-स्टॉकसाठी समुद्र जवळच आहे, सत्तर वर्षांनी नातवंडं नाव काढतील.

ग्रेडिंगबद्दल थोडं, म्हणजे कार्ड किती कोरं आहे ते तपासून दहापैकी मार्क देणं. आपण लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळून खेळून मऊ केली, हल्क होगनचा कोपरा दुमडलाय म्हणून कोणी रडलं नाही. इथे कोपऱ्यावर सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की दहाचा नऊ होतो आणि किंमत धाडकन खाली. तुम्ही गिऱ्हाइकांची कार्डं गोळा करून पीएसए या ग्रेडिंग कंपनीला पाठवण्याची सेवा जरूर सुरू करा. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे एवढा ढीग साचला की बहुतेक सर्व्हिस चक्क बंद ठेवाव्या लागल्या. आता त्या काळात जी दुकानं गिऱ्हाइकांची कार्डं पाठवून बसली होती त्यांचा फोन किती वाजला असेल याचा विचार करा, आणि ग्रेड कमी आली तर दोष कोणाचा? पीएसए टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला कुठेतरी, तुम्ही समोर. सोपं आहे.

गुंतवणुकीचं सांगायचं तर नेहमी भाव सगळ्यात वर असताना माल भरा, तेव्हा उत्साह असतो. २०२१ च्या जानेवारीत बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीर कार्ड, पीएसएकडून दहापैकी दहा मिळालेलं, ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं, काही महिन्यांत भाव निम्म्याच्याही खाली. बास्केटबॉलच्या झायन विल्यमसनच्या रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, कार्डांवर लोकांनी क्रेडिट कार्डं रिकामी केली, पहिल्या सीझनमध्ये तो २४ मॅच खेळला आणि २०२१-२२ मध्ये शून्य. बेसबॉलच्या फर्नांडो टाटीसला २०२२ मध्ये ८० मॅचचं सस्पेन्शन लागलं, टेस्टमध्ये बंदी असलेलं औषध सापडलं. तुमच्या शोकेसमधल्या प्रत्येक कार्डाला एक गुडघा असतो, एक मेनिस्कस असतं, एक एजंट असतो. लोकल हिरो ठेवा, तो सेफ असतो असंही लोक सांगतील. ठेवा की. डॅलसजवळ फ्रिस्कोला दुकान टाका, अख्खी भिंत डॅलसच्या बास्केटबॉल टीमच्या, मॅव्हरिक्सच्या, लुका डोंचिचने भरा, आणि मग २०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत मॅव्हरिक्सनी त्याला एलएच्या लेकर्सला देऊन टाकला तशी एखादी रात्र यायची वाट बघा.

ब्रेकर लोकांशी स्पर्धा करू नका, नुसतं बघा. पोरगा घरात रिंग लाइट लावून बसतो, बॉक्सांची अख्खी केस लाइव्हवर फोडतो, त्यातली एकेका टीमची कार्डं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकतो, बॉक्सचा भाव त्याला दीडपट सुटतो आणि त्याला भाडं नाही. एलएच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात बेसबॉलच्या पॉल स्कीन्सचं, त्याच्या पहिल्या मॅचच्या जर्सीवरचा बिल्ला लावलेलं, जगातलं एकमेव कार्ड लागलं, त्याची टीम पायरेट्सवाले बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं द्यायला निघाले, शेवटी २०२५ मध्ये ते लिलावात ११ लाख डॉलरवर गेलं. ही गोष्ट दुकानात आलेलं प्रत्येक पोरगं तुम्हाला सांगणार, आणि मग एक पाकीट घेऊन तीन तास टेबल अडवणार, एसी चालू, वाय-फाय चालू, वर विचारणार इथे पाणी मिळतं का. मिळतं म्हणा. वहिनींना एक चक्कर कॉस्टकोला मारायला सांगा.

चोरीबिरीचं फार मनावर घेऊ नका. २०२१ मध्ये विस्कॉन्सिनला टार्गेट या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं, टार्गेटने काही काळ दुकानातून कार्डांची विक्रीच थांबवली. टार्गेटला ते परवडतं, त्यांच्याकडे विकायला टॉवेल पण असतात.

आणि हो, सहाएक महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की भाडं खरं तर पोकेमॉनची, म्हणजे कार्टूनच्या खेळाची, कार्डं भरतायत. मनाला लावून घेऊ नका, पिकाचूचा गुडघा दुखत नाही, त्याला कोणी लेकर्सला देत नाही. हळूहळू पुढची शोकेस पोकेमॉनला द्या, मग मधली, बेसबॉल मागे बाथरूमच्या दाराजवळ छान बसतं. फक्त बोर्डावरचा ‘स्पोर्ट्स’ शब्द लगेच काढायला जाऊ नका, बोर्ड बदलायचा म्हटलं की मॉलवाला परवानगी मागतो, आणि तिची फी वेगळी.