झूम लेन्सआधी ३५ची प्राइम घ्या
कॅमेऱ्याच्या लेन्सवरच्या तुमच्या लेखात नवशिक्यांना पहिली खरेदी म्हणून १८-२०० एमएमची झूम लेन्स सुचवली आहे, ते मला पटलं नाही. कॅमेऱ्यासोबत बहुतेकदा १८-५५ची छोटी झूम मिळतेच. पुढचे पैसे ३५ एमएम, एफ १.८ प्राइमला घाला (प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ५२ ते ५६ एमएमसारखी चालते, म्हणजे डोळ्यांच्या सवयीची चौकट. आणि एफ ५.६च्या तुलनेत जवळपास दहापट प्रकाश आत येतो! दादरच्या फुलबाजारात पहाटे झेंडूच्या ढिगामागे बसलेल्या मावशींचा फोटो मी एका बल्बच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढलाय. पाकळ्यांवरचे पाण्याचे थेंबसुद्धा दिसतात. झूमने काढलेला तोच फोटो हलला होता. शिवडीच्या दूरवरच्या फ्लेमिंगोंसाठी मात्र ४०० एमएमची लेन्सही अपुरी पडते, तिथे प्राइमचा हट्ट नको.

लेन्सला लागणाऱ्या बुरशीबद्दल लेखात एक ओळही नाही, हे खटकलं. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्स बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. माझ्या जुन्या झूमच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले, कारण ती जून ते सप्टेंबर बाहेरच काढली नव्हती. हवाबंद डबा, त्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते लगेच बदला.