‘एक कप म्हणजे २५० ग्रॅम’ या तक्त्याबाबत खुलासा

‘जिन्नस कोणताही असो, एक कप म्हणजे २५० ग्रॅम’ असे सांगणारा फराळाचा तक्ता सध्या फिरत आहे. मीही तो न तपासता दोन-तीन गटांवर पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

कप हे आकारमानाचे माप आहे आणि ग्रॅम हे वजनाचे, त्यामुळे जिन्नस बदलला की हिशेबही बदलतो. २४० मिलिलिटरचा कप सपाट भरला, तर त्यात पाणी २४० ग्रॅम, साखर साधारण २०० ग्रॅम आणि हलक्या हाताने भरलेला मैदा जेमतेम १२० ते १३० ग्रॅम मावतो. तोच मैदा डब्यात कप खुपसून दाबून काढला, तर काट्यावर १५० ग्रॅमही दिसतात. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेले असते, तेही याच कारणाने.

तक्त्यावर विसंबून शंकरपाळ्यांसाठी अर्धा किलो मैदा म्हणून दोन कप घेतले, तर प्रत्यक्षात पाव किलोच पडतो, तुपाचे मोहन मात्र अर्ध्या किलोच्या बेताचे राहते आणि शंकरपाळे कढईत विरघळू लागतात. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजण्याची घरची रीत यात अडकत नाही, कारण तिथे ग्रॅमचा संबंधच येत नाही. पायली आणि चिपटे हीसुद्धा आकारमानाचीच मापे होती.

कृपया तो तक्ता पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्तीही टाकावी.