गटप्रकल्पासाठी अमेरिकन शहर कसे निवडावे

अमेरिकेतील विद्यापीठात शहरनियोजन शिकायला गेलेल्या आणि पहिल्याच सत्रात चौघांच्या गटात सापडलेल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: शहर निवडायचे ते कुतूहलापोटी नव्हे, तर चौघांपैकी कोणाचीही हरकत नसेल अशा बेताने. या कसोटीला न्यूयॉर्क हमखास उतरते. मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांचा १८११ चा आराखडा पहिल्या स्लाइडवर टाकला, की ब्रॉन्क्स आणि क्वीन्स या न्यूयॉर्कच्याच इतर भागांची आठवणही कोणी काढत नाही.

लास व्हेगासही वाईट नाही. ज्या झगमगाटासाठी ते निवडले जाते, तो स्ट्रिप नावाचा रस्ता बहुतांशी शहराच्या हद्दीबाहेर, पॅराडाइज नामक वस्तीत आहे. पण हद्दीचा नकाशा उघडलाच नाही, तर प्रकल्पाला त्याची काही झळ लागत नाही.

गंभीर दिसण्याची हौस असेल, तर मात्र डेट्रॉइटला पर्याय नाही, कारण तिथली गोष्ट आयती तयार आहे: आधी मोटारी, मग ऱ्हास, शेवटी २०१३ ची दिवाळखोरी. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली, हा आलेख दाखवून क्षणभर गप्प राहावे. ती माणसे गेली कुठे, असे मात्र चुकूनही विचारू नये. कारण त्यांतली पुष्कळशी शहराची उत्तर हद्द असलेल्या एट माइल रस्त्यापलीकडच्या उपनगरांत सापडतात आणि मग कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशात तांबड्या रंगवून त्यांना कर्जासाठी धोकादायक ठरवणारे १९३० च्या दशकातले सरकारी महामंडळ, जमीनदोस्त झालेली ब्लॅक बॉटम ही वस्ती आणि तिथून गेलेला महामार्ग, असे बरेच काही वाचणे भाग पडते. त्यापेक्षा मिशिगन सेंट्रल स्थानकाचे भग्नावस्थेतले छायाचित्र लावावे. फोर्ड कंपनीने डागडुजी केलेले ते स्थानक २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले आहे, परंतु जुन्या छायाचित्रात विषण्णता अधिक आहे.

एखादा सदस्य भीत भीत इंडियानातील गॅरीचे नाव सुचवील. पोलाद कंपनीने १९०६ मध्ये वसवलेले, तिच्याच अध्यक्षाचे नाव मिरवणारे, १९६७ मध्ये कृष्णवर्णीय महापौर निवडून देणारे हे शहर. एका कारखान्यावर विसंबलेल्या गावाचे काय होते हे तिथे रस्तोरस्ती दिसते, असे तो पोटतिडकीने सांगेल. त्याचे मनापासून कौतुक करावे आणि संदर्भसूची लावण्याचे व चौघांच्या स्लाइडचा फॉन्ट एकसारखा करण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.