संध्याकाळी पाच वाजता आलेले मजूर

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की आपण काय ऐकतो? मुलाला नोकरी लागली, गाठ साधी निघाली, कर्ज मंजूर झालं, देवाची कृपा! आभार मानलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण जिची गाठ साधी निघाली नाही, ती बहीणही त्याच बाकावर बसलेली असते. ती साक्षीला उठत नाही. काम झालं तरच कृपा, असं आपणच तिला न बोलता शिकवलंय, आणि याचं मला मनापासून दुःख होतं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारं दुखणं, निघावं म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ ही साक्ष आज आपल्या मंडळीत कोणी दिली, तर टाळ्या पडतील का?

कृपेवरून नजर हटते ती मोठ्या पापामुळे, असं आपण धरून चालतो. मला वाटतं ती त्याहून जास्त वेळा हिशेबामुळे हटते. बायबलमधल्या मत्तय 20 मधली, येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट आठवा. कोणी पहाटे कामाला लागला, कोणी दुपारी, आणि काही जण दिवस मावळायला तासभर उरला असताना. मजुरी सगळ्यांना सारखीच, एक दीनार. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धनी कारभाऱ्याला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून वाटायला सुरुवात कर. पहाटेच्यांना आधी दिलं असतं, तर ते ठरलेली मजुरी घेऊन खुशीत घरी गेले असते, कुरकुर झालीच नसती. धन्याने मुद्दाम त्यांना थांबवून दुसऱ्याच्या हातावर पडलेलं दान बघायला लावलं.

आणि आपण ही गोष्ट वाचताना नेहमी पहाटेच्या मजुराच्या जागी उभे राहतो. आमचं घराणं मिशनच्या काळापासूनचं, आजोबा पाळक होते, आम्ही दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला द्यायला, चुकवत नाही. मग परवा विश्वासात आलेला तरुण प्रार्थना चालवायला उभा राहिला की कपाळाला आठी पडते. नगरकडच्या जुन्या मंडळ्यांत हे मी फार जवळून पाहतो. आपल्या पणजोबांनी येशूचं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्यांच्याकडे तरी दाखवायला काय होतं?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या बाबतीत मला सतत खुणावतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. विद्वत्ता, त्याग, सेवा, कशालाच कमी नव्हती. तरीही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट आहे हे उमगायला सुमारे आठ वर्षं गेली. ‘कृपेवर जास्त बोललं की लोक आळशी होतात’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुलींना गोळा करून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आसरा दिला, ते हे उमगल्यानंतर.

सोमवार ते शनिवारचं काय, असं कोणी विचारेल. डबा, लोकल, साहेबांची बोलणी, आईचं औषधपाणी. मी एवढंच करतो की रात्री झोपताना ‘आज देवासाठी काय केलं’ हा प्रश्न आधी घेत नाही. न कमावता काय मिळालं, ते आधी बोलतो. ज्या दिवशी काहीच आठवत नाही, त्या दिवशी येशूच्या वधस्तंभापाशी मनाने थांबतो. तेवढं पुरतं.

या आठवड्यात घरी सगळे बसून मत्तय 20 मोठ्याने वाचा. पण वाचताना संध्याकाळी पाचला आलेल्याच्या जागी राहा. सकाळपासून अड्ड्यावर उभा, कोणी कामाला नेलं नाही, घरी चूल थंड. धनी ‘तुम्हीही चला’ म्हणतो तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल, हे मुलांना विचारा. ती काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.