वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड, इंग्रजांची आडनावं मराठीत करून. मिस्टर फॉक्स म्हणजे मिस्टर कोल्हे आणि खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. अरे, आपल्याकडे कोल्हे, लांडगे नाहीत का? डोकंच सटकलं.

इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डला होतो तेव्हा हा पांचटपणा मीही केलाय. घरमालक वॉकर आजोबा, गुडघे गेलेले. मी म्हटलं, आडनाव वॉकर आणि तुम्ही तर घराबाहेर पडत नाही! म्हातारा खो खो हसला आणि म्हणाला, बस इथे. वॉकर म्हणजे फिरणारा नाही रे, मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून हौदात पायांनी तुडवणारा, आणि हौदात काय, तर शिळं मूत! लोकरीतलं तेल निघायला. हेच काम करणारा आग्नेय इंग्लंडात फुलर आणि नैऋत्येला टकर. विणणारी बाई वेब्स्टर, पाव भाजणारी बॅक्स्टर, पुढे ती नावं बाप्यांनाही चिकटली. थॅचर म्हणजे छप्पर शाकारणारा (मार्गारेटबाईंचं ते सासरचं आडनाव, पण असो). आपल्या क्रिकेट टीमचा माजी कोच डंकन फ्लेचर आठवतोय ना, फ्लेचर म्हणजे बाण बनवणारा.

१३७९ च्या यॉर्कशायरच्या डोईपट्टीच्या याद्यांत कारागिरांचे धंदे लिहून ठेवलेत. आजोबा ते असं सांगत होते जणू पणजोबा परवाच हौदातून बाहेर आलाय. लाज नाही, काही नाही.

हो, मान्य, उच्चनीच तिकडेही होतंच आणि आहे. पण तिथे स्मिथचा, म्हणजे लोहाराचा, पोरगा बेकरी टाकायला मोकळा होता. आपल्याकडे आडनाव विचारतात ते कशासाठी, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या चुलतभावाने गॅझेटमध्ये देऊन लोहारचं गावावरून 'कर' करून घेतलं, त्याच्यावर मी किती तोंडसुख घेतलंय.

आणि आता एवढं लिहिलंच आहे तर हेही सांगतो. त्या दिवशी आजोबांनी मला विचारलं होतं, तुझ्या लोहारचा अर्थ काय? इंग्लंडात सगळ्यात जास्त सापडणारं आडनाव स्मिथ. एका शब्दात काम झालं असतं. समोर मूत तुडवणाऱ्याचा वंशज मजेत चहा पितोय आणि मी म्हणालो, काही नाही, आमच्या गावाचं नाव आहे.

गाव कुठेय विचारलं, तर तेही दिलं ठोकून.