जवानाच्या नावावर शिक्षेच्या चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवा, हे कुठल्या नियमात लिहिलंय?

लष्करातून काढलेल्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात कारणाच्या रकान्यात एकच ओळ असते. ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’, म्हणजे सेवेची आता गरज नाही, आणि पुढे आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३(३) चा आकडा. तेरा-साडेतेरा वर्षं नोकरी झालेल्या जवानाच्या हातात ही ओळ पडते आणि त्याची पेन्शन जाते, कारण शिपायाला सर्व्हिस पेन्शनसाठी १५ वर्षं पुरी करावी लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र मागायला गेलं तर तिथंही दार बंद. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे काढलेला माणूस सरकारी व्याख्येनुसार माजी सैनिकच ठरत नाही. म्हणजे सरकारी नोकरीतलं आरक्षणही गेलं. आणि हे सगळं कशावरून, तर ‘चार रेड इंक (लाल नोंदी) झाल्या, आता काही होत नाही’ या एका वाक्यावरून!

हे वाक्य युनिटातला क्लार्क सांगतो, गावातला रिटायर्ड सुभेदार सांगतो, पारावरचे लोक सांगतात. साफ चुकीचं आहे ते. ऐकून ऐकून डोकं फिरतं.

आधी रेड इंक म्हणजे काय ते बघा. सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, आर्मी ॲक्टच्या कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंत कैद किंवा डिटेन्शन देता येतं. अशा शिक्षेची नोंद लाल शाईने होते, किरकोळ शिक्षेची काळ्या. सुट्टीवरून उशिरा हजर झाला, कलम ३९. दारू पिऊन सापडला, कलम ४८. आई दवाखान्यात होती म्हणून दहा दिवस जास्त राहिलेल्याची नोंदही लाल आणि दंगा केलेल्याचीही लाल. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून तर प्रत्येक नोंदीमागचं कारण तपासायचं असतं.

आणि ते तपासायला लष्कराच्याच मुख्यालयाने सांगितलंय. २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. चार लाल नोंदी झाल्या म्हणून काढलंच पाहिजे असं कायद्याचं बंधन नाही, हे त्यात स्पष्ट आहे. प्रत्येक गुन्ह्याचं स्वरूप बघा, पेन्शनला थोडाच काळ उरलेल्या माणसाशी कठोर वागू नका, त्याची एकूण नोकरी आणि ज्या खडतर ठिकाणी तो राहिला ते जमेला धरा, आणि अगदीच गरज असेल तरच काढा. इतकं सरळ लिहिलेलं असताना फाईलवर ‘चार नोंदी पूर्ण’ एवढंच लिहून सही होते. सियाचीनला काढलेले महिने, काश्मीरमधली वर्षं, कशाचा उल्लेख नाही. ज्याने ती फाईल पुढे सरकवली त्याने ते पत्र उघडून तरी बघितलं होतं का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या खटल्यात नेमकं हेच धरलं. चार नोंदी मोजून यांत्रिकपणे काढता येत नाही, १९८८ च्या पत्रातली पद्धत पाळावी लागते. तो डिस्चार्ज रद्द झाला आणि पेन्शनपात्र सेवा पुरी होईपर्यंत तो जवान नोकरीत होता असं मानायचा आदेश झाला. मधल्या काळाचा पगार मिळाला नाही, पण पेन्शन मिळाली.

मात्र २०१९ चा सतगुरसिंग विरुद्ध भारत सरकार हा निकालही माहीत हवा, कारण सरकारी वकील तोच पुढे करतात. तिथे जवान हरला. १९८८ च्या पत्राप्रमाणे काढण्याआधी जी चौकशी करायची ती म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची औपचारिक चौकशी, नव्हे, कारणे दाखवा नोटीस देऊन उत्तराची संधी दिली की पुरे, असं त्यात म्हटलंय. म्हणून सगळी मदार त्या उत्तरावर येते, आणि घात तिथेच होतो. कोणीतरी मजकूर सांगतो, जवान लिहितो: ‘माझी चूक मान्य आहे, एक संधी द्यावी.’ खाली सही. संपलं! प्रत्येक गैरहजेरीचं कारण, दवाखान्याचे कागद, कुठल्या पोस्टिंगला किती महिने, पेन्शनला किती दिवस कमी, यातलं एक अक्षर त्यात नसतं. अजून नोकरीत असलेल्यांनी नोटीस आली तर असलं उत्तर अजिबात लिहून देऊ नये.

काढून टाकलेल्यांनी आधी कागद मिळवावेत. १० रुपयांचा आरटीआय अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाला, करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. ‘माझे सर्व कागद द्या’ असं मोघम लिहू नका. कंडक्ट शीट (शिक्षांच्या नोंदींचा कागद), कारणे दाखवा नोटीस, आपलं उत्तर, चौकशीचे कागद, सीओची शिफारस आणि ब्रिगेड कमांडरचा मंजुरी आदेश, एकेक नाव घेऊन मागा. मग तारखा लावून बघा. नोटीस आणि उत्तर एकाच दिवसाचं आहे का? मंजुरी आदेशात कारणं आहेत का, की फक्त नियमाचा आकडा? चौकशीचा एकही कागद नाही का? केस उभी राहते ती यावर.

त्यानंतर लष्करप्रमुखांकडे पिटिशन. ही पायरी गाळून थेट सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलं तर आधीचे उपाय वापरले नाहीत म्हणून अर्ज अडकतो. पिटिशनवर अंतिम आदेश आला की ६ महिन्यांत अर्ज करायचा. उत्तरच नाही आलं तर ६ महिने वाट बघून पुढच्या ६ महिन्यांत. महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. उशीर झालाय? विलंबमाफीचा वेगळा अर्ज सोबत जोडा, कारणांसह. आणि नुसतं ‘पेन्शन द्या’ असं मागू नका. डिस्चार्जचा आदेश रद्द करा आणि १५ वर्षांपर्यंतची सेवा धरा, ही मागणी आधी. मूळ आदेश उभा असताना पेन्शन कशी मिळणार?

‘रेकॉर्ड ऑफिसात ओळख आहे, डिस्चार्जचा शेरा बदलून आणतो’ म्हणत पैसे घेणारे तर तळतळाट घेणारे लोक आहेत. शेरा परस्पर बदलायचा अधिकार रेकॉर्ड ऑफिसला नाही. पैसे जातात ते जातात, वर दोन-तीन वर्षं जातात, आणि मग कोर्टात पहिला प्रश्न येतो: इतके दिवस कुठे होता?

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगतच नाही. आर्मी ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे नोकरी संपल्याचं प्रमाणपत्र जवानाच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत, दोन्हीत द्यावं लागतं. कोणी काढलं, का काढलं, एकूण सेवा किती, हे त्यात हवं. ज्याच्या हातात फक्त ती इंग्रजी ओळ पडली त्याने मराठी प्रत लेखी मागावी. आपल्याला कशासाठी काढलं हे आपल्या भाषेत वाचण्याचा हक्क १९५० पासून कायद्यात आहे, आणि माणसं ती ओळ दुसऱ्याकडून वाचून घेतात!

हे सगळं लवकर करा. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद लष्कराच्या नियमावलीप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करतात. मागे उरतो लाँग रोल, म्हणजे सेवेच्या थोडक्यात नोंदींची वही, आणि कारणे दाखवा नोटिशीला काय उत्तर दिलं होतं ते त्यात सापडत नाही.